गुलमर्ग सहल: न काढलेली गोंडोलाची तिकिटं आणि अर्धवट सोडलेलं स्कीइंग प्रशिक्षण

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पैसे भरूनही न मिळालेल्या सेवांबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी, पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि माझी आई असे चौघे तुमच्यामार्फत गुलमर्गला जाऊन आलो. सहल मुलीच्या स्कीइंगसाठीच होती. ऑक्टोबरमध्ये तुमच्या ठाण्याच्या कार्यालयात बसून मी विचारलं होतं, बर्फात गाडी हॉटेलपर्यंत जाते का, गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची, तिकिटं कोण काढणार आणि मुलीला शिकवणार कोण? "सगळं पॅकेजमध्ये आहे, निश्चिंत राहा," असं उत्तर मिळालं. मी पूर्ण रक्कम भरली.

गाडी तंगमर्गलाच थांबली. पुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटात बर्फ असला की चाकांना चेन लावलेली स्थानिक गाडी लागते, हे तुमच्या ड्रायव्हरला माहीत होतं, तुमच्या कार्यालयाने मात्र सांगितलं नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत आई दीड तास थंडीत बसली. भाडं आम्ही भरलं.

गोंडोलाची तिकिटं ओळखपत्रावरच्या नावाने आधी ऑनलाइन काढावी लागतात. आमची काढलीच नव्हती. वाऱ्यामुळे अफरवाट डोंगरावर जाणारा वरचा टप्पा बंद असता तर मी एक शब्द बोललो नसतो. पण त्या दिवशी दोन्ही टप्पे चालू होते. केबिन आमच्या डोळ्यांदेखत वर जात होत्या आणि आम्ही खिडकीवरून परत फिरलो.

सगळ्यात गंभीर बाब प्रशिक्षणाची. मुलीला दिलेले बूट दोन नंबर मोठे होते. "आणखी एक मोजा चढवा," असं तुमचा माणूस म्हणाला. स्कीच्या बुटात टाच घट्ट बसायला हवी. तिने गुडघे पुढे वाकवले की टाच आत चांगली इंचभर उचलली जायची. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वजनाप्रमाणे लावतात, म्हणजे जोरात पडल्यावर बूट स्कीतून सुटतो. तिचं वजन कोणी विचारलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा पडली तेव्हा बूट सुटला नाही, गुडघा पिरगळला. तासाभरात प्रशिक्षक निघून गेला, आणि उरलेले दोन दिवस कोणीच आलं नाही. गुलमर्गमध्ये केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. तिथे अर्ज करू का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. "गरज नाही" असं तुम्ही म्हणालात, म्हणून केला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

गोंडोला, प्रशिक्षण, तंगमर्गची गाडी आणि मुलीच्या उपचारांचा खर्च पंधरा दिवसांत परत करावा व लेखी उत्तर द्यावं. अन्यथा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (1915) आणि नंतर ग्राहक आयोगाकडे जाईन. पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मार्चमध्ये तुमच्या आणखी सहली गुलमर्गला निघणार आहेत. त्यातल्या प्रत्येक मुलाचं वजन आणि पायाचं माप निघण्याआधी मागून घ्या.

आपला,
एक ग्राहक, ठाणे