छत्राखाली कोण आहे?

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मावळातल्या एका शाळेत मी तीसेक वर्षं चित्रकला शिकवली. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांच्या पायऱ्या चढायचो. वर पोचलं की आधी एकवीरा आईचं दर्शन, मग शेजारचं चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनागृह. तिथे कुणीतरी विचारायचंच, "सर, एवढी मोठी पिंड?" एकदा तर माहिती सांगणाऱ्या एका गृहस्थांनीच माझ्यादेखत हो म्हणून टाकलं. मुलांनी हात जोडले. हात जोडले यात वावगं काही नाही, पण समोर काय आहे ते न कळताच ती गड उतरली.

तो स्तूप आहे, बुद्धाची आठवण म्हणून पूजला जाणारा. खाली गोल मेधी, तिच्यावर कोरलेला कठडा, वर घुमटासारखं अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सगळ्यांत वर छत्र. छत्र लाकडाचं आहे, छताच्या कमानदार फासळ्यांसारखंच, आणि जवळजवळ दोन हजार पावसाळे काढून अजून जागेवर आहे. मुलं स्तूप काढतात तेव्हा नेमकं छत्रच विसरतात. मी म्हणायचो, आधी ते काढा. छत्र धरतात कुणावर? राजावर.

हे पटवायला मी मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाचा, म्हणजे कोरीव दाराचा, फोटो नेत असे. सिद्धार्थ, म्हणजे पुढे जो बुद्ध झाला तो, घर सोडून निघालाय. घोडा आहे, त्याचे खूर वरच्यावर झेलणारे यक्ष आहेत, वर छत्र धरलंय, पाठीवर मात्र कुणीच नाही. तोच घोडा पुन्हा पुन्हा कोरत प्रसंग पुढे सरकतो. शेवटी घोडा माघारी फिरतो तेव्हा त्याच्यावर छत्र नसतं. ते पलीकडे, दगडात उमटलेल्या दोन पावलांवर असतं. स्वार कुठे उतरला ते शिल्पकाराने एवढ्यात सांगितलं. एका मुलीने विचारलं होतं, "मग घोडा रडला असेल का?" त्या दिवशी तिच्या कागदावर स्तूपाआधी छत्र आलं.

कार्ल्यातल्या छत्राखाली तोच बुद्ध बसलाय, न दाखवलेला.

आणि बाहेर दाराच्या भिंतीवर तो दाखवलेलाही आहे! तिथली कोरलेली दांपत्यं जुनी. भरदार खांदे, जाड कडी, चौकटीत मावत नाहीत अशी ऐसपैस उभी. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काही शतकांनी बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. अंगाला चिकटलेलं चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, छातीशी धर्मचक्रमुद्रेतले, म्हणजे उपदेश करतानाचे हात. छिन्नी वेगळी, काळ वेगळा, भिंत एक. चित्रकलेच्या मास्तरला याहून चांगला फळा कुठे मिळणार? आत ३७ खांब आहेत, त्यांतले स्तूपामागचे सात अगदी साधे अष्टकोनी. ते तसे का, यावर माझा एक अख्खा तास जायचा, पण तो आपला घेत नाही.

मागणी लहान आहे. संरक्षित स्मारकाची आणि शिक्षेची पाटी असावीच. तिच्या जोडीला स्तूपाचं एक रेखाचित्र लावा, प्रत्येक भागाचं नाव मराठीत, आणि खाली सांचीचा तो घोडा. पायथ्याशी स्तूपाची हात लावता येईल अशी प्रतिकृती ठेवा, म्हणजे न दिसणाऱ्या मुलांनाही छत्र कळेल. आणि जे लोक तिथे माहिती सांगतात त्यांच्यासाठी वर्षातून दोन दिवसांचं शिबिर घ्या. प्रकाश-ध्वनीचे खेळ नंतर बघू, त्यात दगड दिसतच नाही.

वैजयंती नावाच्या जुन्या नगरातल्या भूतपाल शेठने हे जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, उत्तम शैलगृह (डोंगरात कोरलेलं घर) असल्याचं दाराशी कोरून ठेवलंय. थोडी फुशारकी असेल, पण त्याने निदान पाटी लावली.

शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात. त्याआधी रेखाचित्र तरी लागावं. ते मी काढून देतो, मानधन नको.

कळावे,
आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मावळ