आधी गुडघ्याला हात लावा, मग एमआरआय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. ठाण्यात नौपाड्यात माझी फिजिओथेरपीची छोटी प्रॅक्टिस आहे. थंडीत कबड्डीच्या स्पर्धा सुरू झाल्या की माझ्याकडे गुडघ्यांची रांग लागते, येऊरला पळायला जाणारे आणि सोसायटीत बॅडमिंटन खेळणारे काका-काकू वेगळेच. हल्ली पेशंट एमआरआयची पिशवी घेऊनच येतो. डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासला का विचारलं तर म्हणतात, नाही हो, लांबूनच बघितला आणि चिठ्ठी लिहून दिली. सगळीकडे असं होत नाही आणि ओपीडीची गर्दी मलाही माहीत आहे, पण हे प्रमाण वाढलंय.

अहो, अर्धं निदान बोलण्यातच होतं. पाय जमिनीवर रोवलेला असताना अंग फिरलं का, आतून कट्कन आवाज आला का, आणि सूज कधी आली? तिसरा प्रश्न फार मोलाचा. तास-दोन तासांत गुडघा पुरीसारखा टम्म फुगला तर आत रक्त साठलंय असं धरायचं आणि पहिला संशय एसीएल लिगामेंटवर (गुडघ्याच्या आत नडगीला पुढे सरकू न देणारी दोरी) घ्यायचा, कधीकधी हाडही मोडलेलं असतं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली आणि गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही, तर गादीकडे म्हणजे मेनिस्कसकडे बघायचं.

मग हाताचं काम. आधी चांगला गुडघा तपासायचा, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. एसीएल बघायच्या लॅकमन टेस्टमधे गुडघा 20-30 अंशात वाकवून एका हाताने मांडी धरतात, दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात, ती टक्कन थांबते की नुसती सरकतच जाते (म्हणजे एसीएल तुटल्याचा संशय) हे हाताला कळतं, मशीन लागत नाही. पहिल्या दिवशी मात्र दुखण्यामुळे पेशंट पाय इतका आवळून धरतो की काही पत्ता लागत नाही, तेव्हा सूज उतरल्यावर पाच-सात दिवसांनी परत तपासायचं. हे परत तपासणंच कोणी करत नाही! आणि लहान मूल गुडघा दुखतो म्हणालं तर खुबाही बघायचा, खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं.

एक्स-रेचंही तसंच. कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी 1995 मधे मोठ्या माणसांसाठी साधे नियम काढले: वय 55 किंवा जास्त, दाबल्यावर फक्त वाटीवर दुखतं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जे बारीक हाडाचं टोक लागतं तिथे दुखतं, गुडघा 90 अंश वाकत नाही, किंवा लागल्यावरही आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे काढा, नाहीतर बहुतेक वेळा गरज नसते.

एमआरआयच्या मी विरोधात नाही, ऑपरेशन ठरवायचं तर तो लागतोच. पण अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला 50 ते 90 वयाच्या 991 लोकांचे गुडघे एमआरआयने बघितले, 2008 मधे ते छापून आलं, तर ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यातल्या 61 टक्के लोकांना आधीच्या महिन्यात काहीच दुखत नव्हतं. म्हणजे साठीच्या काकूंच्या रिपोर्टमधे ‘टेअर’, म्हणजे गादी फाटली, असं लिहिलंय म्हणून दुखणं त्याचंच, असं कसं म्हणायचं? काकूंची मात्र झोप उडालेली असते.

कळवा, ऐरोली, घणसोलीकडच्या मंडळांना एक विनंती, मॅचमधे पोरगं पडलं की मॅटवर त्याचा पाय ओढू नका, चोळू नका, पाय कसा वळला आणि सूज किती वाजता दिसली ते मोबाईलवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाऊल गार पडलं किंवा बधीर झालं तर मात्र थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. आणि तपासायला जाताना टाईट जीन्स कशाला घालता, हाफ पँट घाला, डॉक्टरांना दोन्ही गुडघे दिसायला हवेत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, नौपाडा, ठाणे