मान, मनगट आणि काशाची वाटी

पुणे, रविवार दुपार

प्रिय रेवा,

परवा तू फोनवर मान आखडलीये, डोकं ठणकतंय म्हणत होतीस आणि तेवढ्यात तुला ऑफिसचा कॉल आला, त्यामुळे ॲक्युप्रेशरचं, म्हणजे बोटांनी अंगावरच्या ठरावीक जागा (पॉइंट) दाबायचं, सांगायचं राहिलं ते लिहितेय. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं पण तू ते फॉरवर्ड समजून न वाचताच अंगठा दाखवणार, ओळखते मी तुला.

तर मला गेल्या वर्षी सेम हेच झालेलं. कोथरूड ते हिंजवडी, त्यात तो ट्रॅफिक, बसमध्ये मांडीवर लॅपटॉप, घरी आलं की पोळ्या लाटताना परत मान खालीच. मी गोळी घ्यायचे नि विषय संपवायचे. मग शेजारच्या काकूंनी एक दिवस मला जिन्यातच उभं करून डोक्याच्या मागे, कवटी संपते तिथे मानेच्या दोन्ही बाजूंना खळगे असतात ना, तिथे दोन्ही अंगठे लावून वरच्या दिशेने दाबलं. आई गं! आधी कळ आणि मग इतकं मोकळं वाटलं की मी जिन्यातच दोन मिनिटं बसले. तू स्वतःच कर, बोटं डोक्यावर टेकव, अंगठे खळग्यात, डोकं थोडं मागे सोड म्हणजे डोक्याचं वजनच दाबतं, हाताला फार जोर लागत नाही. मिनिटभर धर, श्वास घेत राहा, सोड, असं तीन-चार वेळा.

दुसरी जागा हातावर. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटव, मागे मांसाचा उंचवटा येतो बघ, त्याचा सगळ्यात वर आलेला भाग. चिनी लोक त्याला हेगू म्हणतात. मीटिंग चालू असताना टेबलाखाली दाबता येतो हा त्याचा सगळ्यात मोठा गुण! फक्त माझ्यासारखं पेनाच्या टोपणाने दाबू नकोस, हिरवंनिळं झालेलं आठवडाभर, आणि सासूबाई विचारतायत कुठे आपटलीस. गोड दुखलं पाहिजे, ओय ओय करायची वेळ आली की जास्त झालं. आणि हो, तुझ्या जावेला दिवस गेलेत म्हणालीस ना, तिला उत्साहाने हे शिकवायला जाऊ नकोस. हेगू आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा पॉइंट, हे दोन गरोदरपणात दाबत नाहीत.

मळमळीचा पॉइंट तर माझा लाडका. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं खाली, कोपराच्या दिशेने, आतल्या बाजूला दोन दोरीसारखे स्नायूबंध हाताला लागतात त्यांच्या मधोमध. आम्ही ताम्हिणी घाटातून हरिहरेश्वरला गेलो तेव्हा चिनू नेहमीप्रमाणे मुळशीलाच पांढरी पडायला लागली, मी मागच्या सीटवर बसून दोन्ही मनगटं आलटून पालटून दाबत राहिले, आलेपाकही चघळायला दिला, आणि माणगावपर्यंत पिशवी लागली नाही. आता पॉइंटमुळे की आलेपाकामुळे की आई हात धरून बसली म्हणून, देव जाणे. पण ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या पॉइंटचे भरपूर अभ्यास झालेत आणि त्यात फरक दिसलाय, त्यामुळे हा अगदीच हवेतला प्रकार नाही.

हवेतला प्रकार कुठला ते पण सांगते. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक शिबिर झालं, तिथल्या माणसाने माझा तळपाय दाबला, मी ओरडले तर म्हणे मॅडम किडनी वीक आहे. रात्रभर झोप नाही गं! सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं, क्रिएटिनिन वगैरे सगळं नॉर्मल. दिवसभर चपटे सँडल घालून फिरल्यावर कुणाचाही तळपाय दुखेलच की. मग मी जरा वाचलं तर तळव्याची कुठली जागा म्हणजे कुठला अवयव हे दाखवणारा तो त्यांचा नकाशा काही फार प्राचीन वगैरे नाहीये, विल्यम फिट्झगेराल्ड नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा डॉक्टरने १९१७ च्या सुमारास अख्ख्या शरीराचे दहा उभे पट्टे मांडले आणि पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम बाईंनी त्यावरून पायाचा नकाशा काढला. पाय चोळून बरं वाटतं, झोप लागते, हे मला शंभर टक्के मान्य, पण पायावरून रोग ओळखतो म्हणणाऱ्याला मी आता लांबूनच नमस्कार करते.

त्यापेक्षा आपल्या आज्ज्यांची काशाची वाटी बरी. आठवते ना, तूप लावून तळपाय घासायचे आणि काळं निघालं की आजी म्हणायची, बघ उष्णता निघाली. मी परवा चिनीमातीच्या बशीला तूप लावून तीच वाटी घासली तर तिथेही काळं! म्हणजे बशीला पण उष्णता झाली होती म्हणायचं. तो धातूचा नि तुपाचा खेळ आहे, पण म्हणून वाटी सोडली नाही मी, रात्री दहा मिनिटं घासली की डोळे आपोआप मिटतात. वाटी नसेल तर पोरांचा टेनिस बॉल टाचेखाली फिरव, तोही चालतो.

बाबांना मात्र ती काटेरी चप्पल आणू नकोस, त्यांना शुगर आहे, पायाला कळलंच नाही आणि जखम झाली तर निस्तरत बसाल. पोटरी एकाच पायाची सुजलेली-गरम असेल तर ती चोळायची नाही, सरळ डॉक्टर. आणि तुझं ते मानेपासून हातात मुंग्या येणं आठवड्यात थांबलं नाही तर अंगठे बाजूला ठेव आणि ऑर्थोपेडिककडे जा, मी विचारणार आहे हां.

काल रविवार पेठेत गेले होते, तुझ्यासाठी पण एक वाटी घेतलीये. दुकानदार विचारत होता नाव घालू का, मी म्हटलं घाला, पण कुठलं आडनाव घालायचं यावर मी अडकले, माहेरचं की सासरचं? शेवटी नुसतं रेवा घातलंय. दिवाळीत आलीस की घेऊन जा.

तुझी,
सुमी