रविवारी सौंदत्तीला जाताना पुढच्या सीटबद्दल

मंडळी, रविवारी सकाळी ६ वाजता टिळकवाडीतून आपल्या गाड्या यल्लम्मा डोंगराकडे निघतील. सर्वांनी एवढं पाळायचंच:

- बारा वर्षांखालची मुलं मागेच, पट्टा लावून. बाळाला मांडीवर घेऊन पुढे कुणीही बसायचं नाही. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि तिचा दणका थेट बाळाला बसतो. आजींनी कितीही आग्रह केला तरी नाही.
- काही गाड्यांत सीटमधला सेन्सर वजन ओळखून एअरबॅग चालू-बंद करतो. तिरकं किंवा सीटच्या कडेला बसलात तर त्याचा अंदाज चुकू शकतो. पाठ टेकून, पाय खाली ठेवून बसा. सीट मागे सरकवा.
- मोठं माणूस नीट बसल्यावरही ‘एअरबॅग बंद’चा दिवा जळत राहिला, तर त्यांना मागे बसवा.
- नैवेद्याचे डबे डिकीत.

चालकांनी शनिवारीच दिवा तपासून कळवावं.