डॉर्मच्या झरोक्याखाली जनरेटर चालवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: १४ तारखेच्या रात्री खोली क्र. ३ मध्ये झालेला प्रकार आणि त्यावर आपण दिलेलं उत्तर

महोदय / महोदया,

आपल्या बेटावरच्या हॉस्टेलमध्ये मी १४ तारखेला एका रात्रीसाठी उतरले होते. खोली क्र. ३, आठ जणांची डॉर्म, वरची खाट. परत आल्यावर लगेच मी ईमेलने तक्रार केली. आपलं उत्तर चार ओळींचं आलं: गैरसोयीबद्दल दिलगिरी, पुढच्या मुक्कामाला सवलत आणि वैद्यकीय पुरावा नसल्याने तक्रार निकाली. माझ्या लेखी ती निकाली निघालेली नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी अकरा वर्षं पाठीवर सॅक टाकून फिरते आहे. स्वस्त जागेत काय मागायचं आणि काय नाही, हे मला कळतं. आपल्याकडे नळाला मचूळ पाणी होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लहान बेटांवर पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि उपसा वाढला की खारं पाणी वर चढतं. त्यामुळे ‘एका बादलीत आंघोळ करा’ ही न्हाणीघरातली पाटी मला पटली आणि मी ती पाळली. गादीच्या शिवणीत ढेकणांचे काळे ठिपके दिसले, ते रिसेप्शनवरच्या मुलाला दाखवताच त्याने गादी बदलून दिली. दुपार समुद्रात पोहण्यात आणि झोपाळ्यावर पडून वाचण्यात छान गेली. तो मुलगा सगळ्यांशी आपुलकीने वागत होता, त्याला या पत्रामुळे त्रास होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

खोलीत शिरल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, हे मी आधी बघते. तुमच्या खोलीला मागे दुसरं दार आहे, पण त्याला लावून बंक, म्हणजे दुमजली खाट, ठेवला होता आणि खिडक्यांना पक्के गज आहेत. मी दुपारी तीन वाजताच हे सांगितलं. उत्तर मिळालं, ‘उद्या हलवू, त्या खाटेवर आज बुकिंग आहे.’ जून २००० मध्ये ऑस्ट्रेलियात चिल्डर्स या गावी बॅकपॅकर हॉस्टेलला आग लागली आणि १५ जण गेले. तिथेही खिडक्यांना गज होते, एका खोलीत बाहेरच्या दाराआड बंक होता आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा चालू नव्हती. हॉस्टेल चालवणाऱ्या कंपनीला हे माझ्याकडून कळावं लागू नये.

रात्री साडेनऊला पाऊस सुरू झाला आणि वीज गेली. जनरेटर एरवी मागच्या शेडमध्ये असतो. शेड गळत होती, म्हणून तो उचलून व्हरांड्यात, आमच्या खोलीच्या झरोक्याखाली आणून ठेवला आणि चालू केला. झड आत येत होती म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या. झरोका मात्र उघडाच होता.

अडीचच्या सुमाराला मला जाग आली ती डोकं फुटेल अशा दुखण्याने. मळमळत होतं, शिडीवरून उतरताना पाय लटपटत होते. खालच्या खाटेवरची मुलगी ओकत होती. दिवा लावून विचारलं तर एकूणएक जणाचं डोकं दुखत होतं. त्यातले दोघे संध्याकाळच्या बोटीने आलेले, त्यांनी दिवसभरात ऊन पाहिलंही नव्हतं. एका खोलीतली सगळी माणसं एकाच वेळी आजारी पडली, म्हणजे दोष खोलीतल्या हवेचा आहे हे तेव्हा लक्षात आलं. कोपऱ्यातला मुलगा हाका मारून उठेना. त्याला दोघांनी काखेत धरून एकुलत्या एका दाराने बाहेर काढलं. जनरेटर आम्हीच बंद केला. भिंतीवर लावलेल्या नंबरावर चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. उजाडेपर्यंत आम्ही आठजण भिजत अंगणात बसलो होतो. तासा-दोन तासांत डोकी उतरू लागली.

सकाळी तुमचे व्यवस्थापक म्हणाले, ‘ऊन लागलं असेल, पाणी कमी प्यालात.’

ते ऊन नव्हतं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. लक्षणं फ्लूसारखी वाटतात आणि झोपलेल्या माणसाला ती जाणवतही नाहीत. वायू मोजायचं यंत्र तिथे नव्हतं, त्यामुळे आकडा माझ्याकडे नाही. आणि ‘वैद्यकीय पुरावा’ म्हणाल, तर बेटावर रात्री डॉक्टर नव्हता. मोठ्या गावातल्या दवाखान्यात मी पोचले दुपारी साडेचारला, म्हणजे बाहेर पडल्यावर चौदा तासांनी. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातलं या वायूचं प्रमाण साधारण चार-पाच तासांत निम्म्यावर येतं. चौदा तासांत ते आठव्या हिश्श्याच्या आसपास उरतं. तपासणीत काही निघालं नाही ते यामुळे. त्याच डॉक्टरांनी चिठ्ठीवर लक्षणं आणि जनरेटरचा उल्लेख लिहून दिला आहे. ती चिठ्ठी आपल्याला आधीच पाठवली होती, आपण ती उघडून वाचली नाही असं दिसतं.

सवलत मला नको. जनरेटरला इमारतीपासून किमान सहा मीटर लांब, न गळणारं स्वतंत्र छप्पर द्या आणि त्याचा धूर खिडक्या-झरोक्यांच्या उलट दिशेला सोडा. प्रत्येक डॉर्ममध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे अलार्म आहे’ हे उत्तर चालणार नाही. रात्री फोन उचलणारं माणूस आवारातच असायला हवं. आणि त्या रात्रीच्या बाकी सातही जणांना आपण स्वतः कळवा. या वायूचा त्रास कधी कधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, गोंधळलेपणा अशा रूपात पुन्हा वर येतो. ज्याला उठवता येत नव्हतं त्या मुलाला हे कळणं फार गरजेचं आहे. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, तुमच्या रजिस्टरमध्ये आहे.

जनरेटरचे, झरोक्याचे आणि दाराआडच्या बंकचे फोटो, तसंच डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा जोडते आहे. पंधरा दिवसांत काय काय केलं ते मला लेखी कळवा. छप्पर बांधायला वेळ लागेल हे मला मान्य आहे. दारासमोरचा बंक मात्र दोन माणसं पाच मिनिटांत हलवू शकतात. पत्र वाचून झाल्यावर लगेच हॉस्टेलला फोन करून तेवढं सांगा, आज रात्रीही त्या खोलीत माणसं झोपणार आहेत.

आपली,
खोली क्र. ३, खाट क्र. ६