ब्लाय खरा कोणाचा?

संपादक साहेब, नमस्कार,

बाउंटी या ब्रिटिश जहाजावर कॅप्टन ब्लायविरुद्ध झालेल्या बंडाचे सिनेमे म्हटलं की सगळे मार्लन ब्रँडोबद्दलच बोलतात, पण माझ्या मते १९६२ च्या त्या सिनेमात तो नुसता नखरेच करतो. १९३५ चा बघा, बंडखोरांचा म्होरक्या झालेल्या क्लार्क गेबलने मिशा काढल्या, उच्चार मात्र अमेरिकनच, तरी चालून जातं कारण समोर चार्ल्स लॉटनचा कॅप्टन ब्लाय आहे, काय तो खुनशी चेहरा! गेबल, लॉटन, फ्रँचॉट टोन तिघांनाही बेस्ट अ‍ॅक्टरचं नॉमिनेशन आणि ऑस्कर एकालाही नाही. बंडाच्या वेळी खरा ब्लाय जेमतेम ३४ वर्षांचा होता, म्हणजे १९६२ मध्ये ब्लाय झालेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या ट्रेव्हर हॉवर्डपेक्षा लॉटनच वयात बसतो. माणूस म्हणून पटला तो मात्र १९८४ चा अँथनी हॉपकिन्स, हट्टी, पण राक्षस नाही.

– एक सिनेवेडा वाचक