दुसरे इंजिन ताकदीसाठी नव्हे, पकडीसाठी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या मारुतीच्या मागच्या सीटच्या जागी दुसरे इंजिन बसवून ड्रॅग शर्यतीची (उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत ४०२ मीटर कापायच्या शर्यतीची) गाडी करायची, ही कल्पना गाड्यांचे वेड असलेल्या अनेक तरुणांना भुरळ घालते. इंजिने दोन म्हणजे वेग दुप्पट, हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. ४०२ मीटरला लागणारा वेळ वजन भागिले अश्वशक्ती याच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. चालकासह ९५० किलोची, ८५ अश्वशक्तीची एस्टीम हे अंतर साधारण १७ सेकंदांत कापते. दुसरे इंजिन, गिअरबॉक्स आणि मजबुतीकरण धरून १५० किलो वाढले, तर १७० अश्वशक्तीवर ती चौदाच्या आसपास येईल. एवढी ताकद एका इंजिनाला टर्बो लावूनही मिळते, तीही निम्म्या कटकटीत. दुसऱ्या इंजिनाचा खरा फायदा पकडीचा आहे. सुटताना वजन मागे सरकते, पुढची चाके जागच्या जागी गरगरतात; तेव्हा मागच्या चाकांनाही जोर मिळतो. सिट्रोएनने '२ सीव्ही सहारा'ला ४२५ सीसीची दोन इंजिने दिली, ती वाळूत चार चाकांची ओढ मिळावी म्हणूनच.

दोन्ही इंजिनांची ताकद एकाच गिअरबॉक्सला देण्यासाठी क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) क्रँक जोडण्याच्या फंदात सहसा पडू नये. क्रँकचे पुढचे टोक पुली फिरवण्यापुरते बनवलेले असते. त्यातून दुसऱ्या इंजिनाची सगळी ताकद नेली की चावी (पुलीला क्रँकवर अडकवून ठेवणारा लोखंडी तुकडा) कातरली जाते, आणि ती टिकलीच तर गिअरबॉक्स निकामी होतो.

त्यापेक्षा पुढे एक, मागे एक, प्रत्येकाचा गिअरबॉक्स वेगळा. मागचा संच पुढच्यासारखाच, त्याच दिशेला तोंड करून बसवावा. जागा मिळत नाही म्हणून उलटा फिरवला, तर ती चाके मागे जायला बघतात! मागच्या टाय-रॉडची (चाके वळवणाऱ्या दांड्यांची) टोके चेसिसला पक्की बांधावीत, नाहीतर मागची चाके स्वतःच वळू लागतात. फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची दातेरी जोडी) एकाच गुणोत्तराचे हवे, चारही टायर एकाच मापाचे. टायरवर खडूची खूण करून, एका फेऱ्यात गाडी किती सरकते ते जमिनीवर मोजावे. मागच्या टायरचा घेर सात टक्के जास्त असेल, तर पुढचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना मागचे ५,६०० वरच घुटमळते.

खरी डोकेदुखी क्लचची. एका मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या) दोन स्लेव्ह (त्या तेलाने क्लच सोडवणारे सिलिंडर) लावले की तेल पुरत नाही, क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर करकरतो. ५/८ इंची मास्टर एकाला पुरत असेल, तर दोघांना ७/८ इंची लागेल, आणि पेडल दुप्पट जड होईल. एका पेडलवर दोन मास्टर आणि दोन्ही पुशरॉड (पेडल आणि मास्टर यांमधले दांडे) स्वतंत्रपणे जुळवता येणारे, ही रचना बरी. त्यामुळे दोन्ही क्लच एकाच क्षणी धरतात. एक गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये पडला आणि दुसरा गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये राहिला, तर मोकळे इंजिन क्षणात लाल रेषा (फेऱ्यांची सुरक्षित मर्यादा) ओलांडते. म्हणून प्रत्येक ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) स्वतःचा रेव्ह लिमिटर (फेऱ्या मर्यादेत रोखणारी सोय) हवाच.

मागच्या इंजिनाला जाड अर्थिंग पट्टी द्यायची राहते, हे फार सर्रास होते. मग स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापून चिकटते आणि थ्रॉटल उघडाच राहतो. तेव्हा नुसती बॅटरी तोडणारा कटऑफ उपयोगाचा नाही, कारण अल्टरनेटर इंजिनाला वीज पुरवतच राहतो. एकाच स्विचने दोन्ही इग्निशन आणि दोन्ही पेट्रोल पंप बंद झाले पाहिजेत. चालक आणि मागचे इंजिन यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत हवी, फटी बुजवलेली. रोल केजसाठी (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या पाइपच्या सांगाड्यासाठी) ग्रिलवाल्याकडचा ईआरडब्ल्यू (लांबीभर वेल्ड केलेला) पाइप चालत नाही. मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा सीमलेस (बिनसांध्याचा) पाइप लागतो. भोसरीत तो मिळतो, फक्त महाग पडतो.

अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा फेरफार मान्य करत नाही, आणि राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे कलम १८९ नुसार गुन्हा आहे. बाह्यवळण रस्ता पहाटे मोकळा असतो, ही सबब नव्हे. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत, म्हणजे योग्य जागा शोधली तर सापडते. महाविद्यालयांनी असा प्रकल्प मंजूर करतानाच गाडी कुठे पळवणार आणि कटऑफ कुणी तपासला, हे विद्यार्थ्यांकडून लेखी घ्यावे.

– भोसरीतील काही मेकॅनिक व फॅब्रिकेटर, पुणे